शतावधानी श्रीमद् राजचंद्र : स्मरणशक्तीचे दान आणि तिचा त्याग

जैन धर्माचा इतिहास हा एका अर्थाने स्मरणाचाच इतिहास आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर शेकडो वर्षे जिनवाणी ग्रंथात नव्हती. ती गुरूच्या मुखात आणि शिष्याच्या कंठात होती. दुष्काळ पडले, संघ विखुरले, श्रुतधर एकामागून एक काळाच्या पडद्याआड गेले आणि ज्ञान हळूहळू क्षीण होत चालले. गिरनारच्या गुंफेत वृद्ध धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आपल्या जवळचे श्रुत दिले व त्यातून षट्खंडागम सिद्ध झाला, असे दिगंबर परंपरा सांगते. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० व्या, मतांतराने ९९३ व्या वर्षी देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभी येथे आगम पुस्तकारूढ करविले. दोन्ही घटनांमागील चिंता एकच होती : मनुष्याची धारणाशक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथालाही आपण स्मरणिका म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे एवढी मोठी परंपरा उभी आहे, याचे भान असावे.

स्मरण क्षीण होत गेले असले तरी विलक्षण धारणेची माणसे आपल्या समाजात अधूनमधून प्रकट होत राहिली. पंधराव्या शतकातील मुनिसुंदरसूरी हे सहस्रावधानी म्हणून ख्यात होते. अलीकडे, २०१४ साली, मुंबईत वरळी येथे मुनिश्री अजितचंद्रसागर यांनी पाचशे अवधानांचा प्रयोग केला, तो अनेकांनी वृत्तपत्रांतून वाचला असेल. या मालिकेत ज्या एका पुरुषाने शंभर अवधाने करून दाखविली आणि नंतर ती विद्या कायमची बाजूला ठेवली, त्या श्रीमद् राजचंद्रांचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे योजिले आहे. ते जन्माने सौराष्ट्रातील असले तरी त्यांची कीर्ती मुंबईत झाली, त्यांची पेढी मुंबईत होती आणि त्यांच्या आयुष्यातील मोठा काळ तेथेच गेला.

श्रीमदांचा जन्म विक्रम संवत १९२४ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे नोव्हेंबर १८६७ मध्ये, मोरबीनजीकच्या ववाणिया बंदरात झाला. वडील रवजीभाई, आई देवबाई. पितृकुळात कृष्णभक्ती होती, मातृकुळात जैन संस्कार होते. त्यामुळे बालपणी दोन्ही घरांतील कथा त्यांच्या कानांवर पडल्या. ववाणिया हे काही मोठे शहर नव्हे. बंदर, थोडी दुकाने, गलबतांची ये-जा. तेरेखोल खाडीच्या काठी राहणाऱ्या आपणा आरोंदेकरांना तशा गावाचे चित्र डोळ्यांसमोर आणण्यास कष्ट पडू नयेत.

सात वर्षांच्या वयात घडलेली एक घटना त्यांच्या सर्व चरित्रांत येते. गावातील अमीचंद नावाचे एक गृहस्थ, ज्यांचा बाळ रायचंदावर लोभ होता, सर्पदंशाने वारले. मरणे म्हणजे काय, हे मुलाला घरच्यांनी नीट सांगितले नाही. तेव्हा तो गुपचूप स्मशानाजवळ गेला, झाडावर चढला आणि त्याने जळती चिता पाहिली. ज्या देहाशी आपण बोलत होतो तो देह जाळणारे हे लोक कोण, आणि त्या देहातून गेले ते काय, या विचारात त्याला जातिस्मरण, म्हणजे पूर्वभवांचे स्मरण, झाले असे मानले जाते. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत या स्मरणाला मोजण्याचे साधन नाही. श्रद्धेचा विषय श्रद्धेच्या ठिकाणी ठेवून पुढे जावे, हे उत्तम. एवढे मात्र निश्चित की, त्यांच्या बाबतीत स्मरण आणि मृत्यूचा विचार हे दोन्ही एकाच दिवशी जागे झाले आणि पुढे कधीही वेगळे झाले नाहीत.

शाळेत ते सातव्या वर्षी गेले आणि सात इयत्तांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपविला. धडा एकदा वाचला की तो पुन्हा पाहावा लागत नसे. आठव्या वर्षापासून ते कविता रचू लागले. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या दुकानावर बसले. अक्षर सुंदर असल्यामुळे कच्छच्या दरबारात त्यांना लेखनासाठी बोलावीत. दुकानावर असताना आपण कोणास अधिक-उणा भाव सांगितला नाही की अधिक-उणे तोलले नाही, असे त्यांनी पुढे बाविसाव्या वर्षी लिहून ठेवले आहे. ज्याला सारे आठवते त्याचे हे आत्मनिवेदन आहे, म्हणून व्यापारी वाचकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. सोळा वर्षे पाच महिने वयाचे असताना त्यांनी अवघ्या तीन दिवसांत मोक्षमाळा हा १०८ पाठांचा ग्रंथ लिहिला.

आता अवधानांकडे वळू. मोरबी येथे शास्त्री शंकरलाल माहेश्वर भट्ट हे अष्टावधानाचे प्रयोग करीत. एकाच वेळी आठ गोष्टींकडे लक्ष ठेवून शेवटी त्या सर्वांची बिनचूक उत्तरे द्यावयाची, असा तो प्रयोग. तो पाहिल्यावर तरुण रायचंदभाईंनी लगोलग मित्रांमध्ये, व नंतर लोकांसमोर, बारा अवधाने करून दाखविली. पुढे सोळा झाली, बोटाद येथे बावन्न झाली आणि अखेरीस मुंबईत शंभर.

बोटादच्या बावन्न अवधानांत काय काय होते ते पाहण्यासारखे आहे. तिघांबरोबर चौपट खेळणे, तिघांबरोबर पत्ते खेळणे, बुद्धिबळ खेळणे, मध्येच वाजणाऱ्या झालरीचे टोले मोजणे, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकाराची उदाहरणे मनातल्या मनात सोडविणे, माळेचे मणी मोजणे, लोकांनी दिलेल्या विषयांवर मागितलेल्या वृत्तांत पद्ये रचणे. त्यांतच सोळा भाषांतील चारशे शब्द, तेही सरळ क्रमाने नव्हे, तर विस्कळीत करून दिलेले. ग्रीक, लॅटिन, अरबी, इंग्रजी, संस्कृत, बंगाली यांबरोबर त्या सोळांत आपली मराठीही होती. यांतील बहुतेक भाषा त्यांना अवगत नव्हत्या. कोणी पाचवा शब्द सांगे, मग दुसराच कोणी आपल्या वाक्याचा पहिला. मध्ये पत्त्याची पाने पडत, मध्ये टोला वाजे. शेवटी प्रत्येकाचे वाक्य योग्य क्रमाने परत द्यावयाचे. हाती कागद नाही, लेखणी नाही.

जानेवारी १८८७ मध्ये मुंबईत धोबी तलावाजवळील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचा प्रयोग केला, तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. डोळे बांधून केवळ हाताच्या स्पर्शाने, आधी दाखविलेली पुस्तके ओळखून त्यांची नावे सांगणे, हाही त्या प्रयोगांचा एक भाग असे. त्यांना सुवर्णपदक मिळाले, साक्षात सरस्वती ही पदवी मिळाली, वृत्तपत्रांतून वर्णने आली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट यांनी त्यांना युरोपात येऊन आपली शक्ती दाखवावी असे सुचविले. परदेशात जैन आचार पाळणे कठीण, म्हणून श्रीमदांनी नकार दिला.

ते गेले असते तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्याच सुमारास युरोपात स्मरणाचे शास्त्र जन्म घेत होते. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्मरण व विस्मरण यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करावयाचे आणि किती वेळाने किती विसरले हे मोजावयाचे, असा त्याचा शिस्तबद्ध उद्योग. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी मनातल्या मनात प्रचंड गणिते करणाऱ्या माणसांची तपासणी करून १८९४ साली पुस्तक लिहिले. ववाणियाचा हा तरुण तिकडे पोहोचला असता, तर कदाचित अशाच एखाद्या ग्रंथातील एक प्रकरण होऊन राहिला असता.

मानसशास्त्रज्ञांनी नंतरच्या शतकात अशा माणसांचा पुष्कळ अभ्यास केला आणि त्यातून हाती आलेल्या गोष्टी उद्बोधक आहेत. सामान्य माणूस एकदा ऐकून सुमारे सात अंक लक्षात ठेवतो. परंतु अमेरिकेत चेस आणि एरिक्सन या संशोधकांनी एका साधारण बुद्धीच्या विद्यार्थ्याकडून दोनशेहून अधिक तास सराव करवून घेतला, तेव्हा तो सुमारे ऐंशी अंक सांगू लागला. हे काम १९८० साली प्रसिद्ध झाले. तो धावपटू होता आणि अंकांचे गट पाडून त्यांना धावण्याच्या वेळांचा अर्थ देत असे. अक्षरे देताच मात्र तो पुन्हा सामान्य माणसाच्या पातळीवर येई. म्हणजे स्मरणाचे पात्र मोठे झाले नव्हते, भरण्याची रीत बदलली होती. स्मरणस्पर्धांत जिंकणाऱ्यांवर लंडनमध्ये झालेल्या २००३ च्या अभ्यासातही असेच आढळले. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य नव्हती. त्यांपैकी बहुतेक जण लक्षात ठेवावयाच्या गोष्टी एखाद्या ओळखीच्या वाटेवर मनाने मांडून ठेवीत.

आपल्या किनाऱ्यावरचेही एक उदाहरण आहे. १९८१ साली मंगळूर येथे राजन महादेवन यांनी पाय या गणिती संख्येचे ३१,८११ अंक मुखोद्गत म्हणून दाखविले. पुढे अमेरिकेत त्यांच्यावर कित्येक प्रयोग झाले. अंकांच्या बाबतीत अद्वितीय असलेले हे गृहस्थ, चित्रातील वस्तू कोठे व कशा ठेवल्या होत्या हे आठवण्यात मात्र इतरांपेक्षा पुढे नव्हते. पोथीवाचून शुक्ल यजुर्वेद म्हणणाऱ्या एकवीस वैदिक पंडितांच्या मेंदूचे भारतात चित्रण झाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, भाषा व स्मरणाशी निगडित काही भाग त्यांच्यात इतरांपेक्षा अधिक भरीव आढळले. ते जन्मतः तसे होते की वर्षानुवर्षांच्या पाठांतराने तसे झाले, हे अशा एकवेळच्या तपासणीवरून ठरत नाही.

आपल्या भागातील दशावतारी नटाकडे पाहिले तर यातील काही मर्म सहज कळते. त्याच्या हाती लिहिलेली संहिता नसते. आख्यानाची चौकट आणि पात्राची रीत मनात पक्की असते. त्या चौकटीवर संभाषण आयत्या वेळी उभे राहते आणि रात्र सरते. अवधान करणाराही बहुधा अशीच एखादी चौकट मनात आधी उभारतो आणि येणारी प्रत्येक वस्तू तिच्या कोनाड्यात ठेवतो. श्रीमदांची नेमकी रीत कोणती होती, हे कोणा शास्त्रज्ञाने त्यांच्याकडून तपासून घेतले नाही, म्हणून त्यांच्यावर ही उपपत्ती लादणे योग्य होणार नाही.

तथापि एक गोष्ट शब्दातच स्पष्ट आहे. अवधान म्हणजे स्मरण नव्हे. अवधान म्हणजे लक्ष देणे. जैन ज्ञानमीमांसेत मतिज्ञानाचे चार टप्पे सांगितले आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. वस्तूचे पहिले ग्रहण, मग ती काय असावी याची जिज्ञासा, मग निश्चय आणि शेवटी ती मनात टिकणे. धारणा शेवटी येते. पहिली पायरी ढिली असेल तर शेवटची बळकट होत नाही. आजचे मानसशास्त्रज्ञही विसरण्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ लक्ष न देण्यात शोधतात. आणि हेही विसरता येत नाही की पाच ज्ञानांच्या मालिकेत मतिज्ञान हे पहिले, इंद्रियांवर व मनावर अवलंबून असलेले ज्ञान आहे. शंभर अवधाने झाली तरी ती याच पायरीवरची.

श्रीमदांनी हे ओळखले. विसाव्या वर्षाच्या सुमारास, कीर्ती शिखरावर असताना, त्यांनी अवधानांचे जाहीर प्रयोग बंद केले. ज्योतिषाचाही त्यांचा चांगला अभ्यास होता. तेही त्यांनी सोडले. या शक्तींमुळे लोक भोवती जमतात, मान वाढतो आणि मन बाहेर धावत राहते. आत्म्याच्या शोधात त्याचा उपयोग नाही, उलट अडथळा आहे, असे त्यांचे मत झाले होते. सोडणे हा शब्द आपण पर्युषणात वारंवार ऐकतो. बहुधा खाण्यापिण्याच्या पदार्थांविषयी. जे करण्यात आपल्या तोडीचा दुसरा कोणी नाही, जे केल्याने कोणाचीही हिंसा होत नाही आणि जग ज्याची वाहवा करते, ते सोडणे किती अवघड असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

अमर्याद स्मरण हे नेहमी वरदानच असते, असेही नाही. अलेक्झांडर ल्युरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने शेरेशेव्स्की नावाच्या एका माणसाचे जवळजवळ तीस वर्षे निरीक्षण करून १९६८ साली पुस्तक लिहिले. त्या माणसाला प्रत्येक शब्दासोबत रंग, चव, आकार जाणवत आणि पाहिलेले सहसा पुसले जात नसे. नको त्या आठवणी घालविण्यासाठी तो त्या कागदावर लिहून कागद जाळून टाकी, तरीही त्या जात नसत. श्रीमदांच्या मनाची अशी ओढाताण झाल्याचे दिसत नाही, याचे कारण त्यांनी लक्ष कोठे द्यावयाचे हे लवकर ठरविले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अवधाने थांबली, प्रपंच थांबला नाही. १८८८ साली त्यांचा विवाह झाला. मुंबईत रेवाशंकर जगजीवन यांच्या भागीदारीत ते हिरे-मोत्यांचा व्यापार करू लागले. त्यांच्या सचोटीची एक कथा सर्वश्रुत आहे. एका व्यापाऱ्याने ठराविक भावाने माल देण्याचा करार केला आणि नंतर भाव इतका चढला की करार पाळल्यास त्याचे घरदार गेले असते. श्रीमद् स्वतः त्याच्याकडे गेले आणि त्यांनी तो करारनामा फाडून टाकला.

जुलै १८९१ मध्ये इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी मुंबईत डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी उतरले, तेव्हा त्यांची व रायचंदभाईंची पहिली भेट झाली. शतावधानी म्हणून ओळख करून दिल्यावर गांधीजींनी आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्दांचा साठा त्यांच्यापुढे रिता केला. रायचंदभाईंनी ते सारे शब्द त्याच क्रमाने परत म्हणून दाखविले. गांधीजींना या शक्तीचा हेवा वाटला, परंतु ते तिने भारले गेले नाहीत, असे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदविले आहे. त्यांना भारून टाकले ते शास्त्रांच्या ज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. लाखोंचे व्यवहार करणारा हा जवाहिऱ्या, सौदा संपताच धर्मग्रंथ किंवा आपली टिपणवही उघडतो, हे त्यांनी पेढीवर बसून पाहिले. दक्षिण आफ्रिकेत धर्माविषयी मन डळमळले असता १८९४ साली त्यांनी सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले आणि श्रीमदांनी त्यांची सविस्तर उत्तरे दिली. आपल्यावर खोल ठसा उमटविणाऱ्या समकालीनांत गांधीजी रायचंदभाई, टॉलस्टॉय आणि रस्किन या तिघांची नावे घेत.

१९०० साली श्रीमदांनी परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना केली. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांतील ग्रंथ या मंडळाने छापून प्रसिद्ध केले. आपल्यापैकी कोणाचे मूळ गाव कच्छ-सौराष्ट्रात, कोणाचे मारवाडात, तर कोणाचे कोल्हापूर-बेळगावकडे. अशा मिश्र समाजाला या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको. त्याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. चैत्र वद्य पंचमी, ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे त्यांनी देह ठेवला. वय अवघे तेहतीस वर्षांचे.

त्यांच्या सर्वश्रेष्ठ कृतीची कथा शेवटी सांगण्यासाठी राखून ठेवली आहे, कारण या लेखाच्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे. सायला येथील सौभागभाई हे श्रीमदांचे परमस्नेही, वयाने त्यांच्याहून पुष्कळ मोठे. आत्मा आहे, तो नित्य आहे, तो कर्ता आहे, भोक्ता आहे, मोक्ष आहे आणि मोक्षाचा उपाय आहे, अशा सहा पदांचे विवेचन करणारे एक गद्य पत्र श्रीमदांनी लिहिले होते व ते मुखपाठ करण्यास सांगितले होते. सौभागभाईंना ते पाठ होईना. गद्य, त्यात उतारवय. एक वाक्य बसवावे तो मागचे निसटावे. त्यांनी संकोच न करता विनंती केली की हेच पद्यात मिळाले तर माझ्यासारख्याला लक्षात ठेवता येईल.

आपल्याकडेही सामायिक-प्रतिक्रमणाची सूत्रे किंवा भक्तामर पाठ म्हणण्याचा प्रसंग येतो. एखादे मूल तिसऱ्या गाथेवर अडखळते आणि खाली मान घालते. एखाद्या आजीबाईंना जन्मभर येत असलेले स्तोत्र अलीकडे मध्येच तुटते, आणि त्या गर्दीत नुसते ओठ हलवितात. मुलांची स्मरणशक्ती वाढवून देण्याच्या जाहिराती वाचून पालक पैसे भरतात. पाठ न होणाऱ्याकडे मात्र आपण काहीशा कीव केल्यासारखे पाहतो. श्रीमदांनी सौभागभाईंना तसे पाहिले नाही. ज्यांना चारशे परकीय शब्द एकदा ऐकून पुरत, त्यांनी ज्याला एक पत्र लक्षात राहत नाही अशा माणसाची अडचण आपली मानली.

नडियाद मुक्कामी, संवत १९५२ च्या आश्विन वद्य प्रतिपदेस, म्हणजे १८९६ च्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळ उलटल्यावर श्रीमद् लिहावयास बसले. खंभातचे अंबालालभाई हाती कंदील घेऊन शेजारी उभे राहिले. दीड-दोन तासांत १४२ दोहे लिहून झाले. भाषा सोपी गुजराती. गुरू आणि शिष्य यांचा संवाद. शिष्य शंका घेतो, गुरू एकेक पद उलगडत नेतो. दोह्याची चाल अशी की एक चरण म्हटला की दुसरा आपोआप ओठांवर यावा. हेच आत्मसिद्धिशास्त्र. नंतर अंबालालभाईंनी त्याच्या चार प्रती तयार केल्या. एक स्वतः अंबालालभाईंसाठी, एक मुनिश्री लल्लुजींसाठी, एक माणेकलाल घेलाभाई झवेरी यांच्यासाठी आणि एक सायल्यास, सौभागभाईंसाठी. पुढील वर्षी, १८९७ मध्ये, सौभागभाईंचे निधन झाले. त्यापूर्वी काही महिने ते दोहे त्यांच्या हाती होते.